औषधीनिर्माणशाळेतील प्रयोगशाळा तंत्रज्ञ : निवड व शिक्षण

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी वैद्यानंतर लगेच द्रव्याचा उल्लेख केला आहे. द्रव्य गुणसंपन्न आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे काम पूर्वी वैद्य स्वतः करीत असे. मुळी हातात घेऊन मोडून पाहणे, गंध घेणे, जिभेवर ठेवून रस पाहणे ही त्याची प्रयोगशाळा होती. आज आपल्यापैकी अनेकांच्या फार्मसीत माल पोत्यांनी येतो व चूर्ण क्विंटलने बाहेर पडते. द्रव्यपरीक्षेचे हे काम आता बावीस-तेवीस वर्षांच्या एखाद्या रसायनशास्त्र पदवीधराकडे आलेले आहे. त्याने लिहिलेल्या आकड्यावर बॅच मंजूर होते आणि आपण निश्चिंतपणे औषध रुग्णाच्या हाती देतो. या तंत्रज्ञाला नोकरीवर घेतल्यानंतर आपण नेमके काय शिकवतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यंत्रसामग्रीविषयी पुष्कळ लिहिले जाते; यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी फारच थोडे.

वास्तविक आपल्या शास्त्राला हा विषय नवा नाही. रसरत्नसमुच्चयकारांनी रसशाळेची रचना सांगताना भट्ट्या कोणत्या दिशेस असाव्यात, धुण्याचे व वाळविण्याचे काम कोठे व्हावे, याबरोबरच तेथील साहाय्यक कसे असावेत हेही सांगितले आहे. साहाय्यकाने वनौषधी ओळखाव्यात, निरनिराळ्या देशांच्या भाषा जाणाव्यात व तो सत्यवचनी असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. भाषांची अट वाचून प्रथम हसू येते. परंतु रास्ना, शंखपुष्पी किंवा पाषाणभेद या नावांखाली वेगवेगळ्या प्रांतांतून कोणकोणत्या वनस्पती येतात हे ज्याने पाहिले आहे, तो हसणार नाही. सत्यवचनाच्या अटीकडे पुढे वळू.

कायद्याची अपेक्षा

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील 'शेड्यूल टी' सन २००० मध्ये अधिसूचित झाले व २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. गुणनियंत्रणाची सोय स्वतःच्या जागेत किंवा शासनमान्य परीक्षण प्रयोगशाळेमार्फत करावी, अशी मुभा त्यात आहे. स्वतःचा विभाग असल्यास त्यासाठी १५० चौरस फूट जागा आणि आयुर्वेदतज्ज्ञ, रसायनज्ञ व वनस्पतिज्ञ अशी तिघांची योजना सांगितली आहे. रसायनज्ञाकडे किमान विज्ञान अथवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी हवी.

येथे एक गोष्ट फार्मसीधारकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, 'लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट)' नावाचा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर मुले तेथे जातात आणि पुढे तारापूर, महाड, लोटे येथील कारखान्यांत लागतात. असा मुलगा कायद्याच्या अर्थाने आपला रसायनज्ञ होऊ शकत नाही. अहवालावर जबाबदारीची सही पदवीधराचीच लागते. तथापि माझा अनुभव असा, की काचेची भांडी हाताळणे, तराजू स्वच्छ ठेवणे, बर्नरवर लक्ष ठेवणे यांत हा मुलगा पुष्कळदा पदवीधरापेक्षा सरस असतो, कारण त्याची दोन वर्षे मुख्यतः हाताच्या कामात गेलेली असतात. ज्यांना परवडेल त्यांनी एक पदवीधर व त्याच्या हाताखाली एक आय.टी.आय. झालेला मुलगा, अशी जोडी ठेवावी.

पदवीधराची उणीव वेगळी आहे. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांत उत्तर बहुधा आधीच माहीत असते. अनुमापनाची तीन वाचने घ्यावयाची व ती सारखी आली की 'सी.बी.आर.' म्हणून प्रयोगवहीत लिहावयाचे, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पहिले वाचन ९.८, दुसरे १०.१ आले तर तिसरे मिली घेण्याऐवजी शेजारच्या वहीत डोकावून १०.० लिहिणारे विद्यार्थी कमी नाहीत. त्यात त्यांचा दोष थोडा. 'बरोबर उत्तर' आणणाऱ्यालाच गुण मिळतात, हे त्यांनी तीन वर्षे पाहिलेले असते. हीच सवय घेऊन तो आपल्याकडे येतो. येथे मात्र बरोबर उत्तर कोणालाच ठाऊक नसते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अश्वगंधेच्या मुळ्यांचा एक मोठा साठा आला होता. भाव चांगला मिळाला होता आणि चूर्णाची मागणी निकडीची होती. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अश्वगंधेची एकूण राख ७ टक्क्यांहून व आम्ल-अविद्राव्य राख १ टक्क्याहून अधिक असू नये. आमच्या तंत्रज्ञाने आम्ल-अविद्राव्य राख १.४ टक्के आल्याचे सांगितले. मी इतकेच म्हणालो, "पुन्हा एकदा नीट पाहा." दुसऱ्या दिवशी ०.९ टक्के असा आकडा आला. मी समाधानाने सही केली.

दीड महिन्याने एका वैद्यमित्राचा दूरध्वनी आला. चूर्ण दाताखाली करकरते, अशी त्याच्या रुग्णांची तक्रार होती. राखून ठेवलेला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठविला; उत्तर १.५ टक्के. निम्म्याहून अधिक माल तोवर विकला गेला होता. उरलेला परत मागविला आणि तंत्रज्ञाला बोलावून विचारले. तो म्हणाला, "सर, पहिल्या वेळी मूस रात्रभर डेसिकेटरमध्ये होती. दुसऱ्या वेळी तुम्ही घाई आहे म्हणालात, म्हणून भट्टीतून काढून थोडी निवल्यावर लगेच वजन केले. आकडा खाली आला, तेव्हा मला वाटले हाच बरोबर."

त्याने आकडा बनविला नव्हता. गरम मूस तराजूवर ठेवली की तिच्याभोवतीची हवा तापून वर जाऊ लागते, तबकडीवर वरच्या दिशेने ओढ बसते आणि वजन असते त्यापेक्षा कमी दिसते. नमुना २.५ ग्रॅम घेतला असता १.४ टक्के म्हणजे ३५ मिलिग्रॅम आणि ०.९ टक्के म्हणजे साडेबावीस मिलिग्रॅम. फरक अवघा साडेबारा मिलिग्रॅमचा, चिमटीत मावेल त्याहूनही कमी. एवढी चूक एका गरम मुशीने सहज होते, आणि लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ती नेहमी मालकाला हव्या असलेल्या दिशेनेच होते. पहिला आकडा प्रतिकूल होता म्हणून मी पुन्हा पाहावयास सांगितले. दुसरा अनुकूल होता म्हणून तिसऱ्यांदा पाहावे असे मला वाटले नाही. तो मुलगा पुढे दुसरीकडे गेला. चूक त्याच्या नावावर लिहिली गेली, पण ती माझी होती.

त्यानंतर आमच्याकडे तंत्रज्ञाच्या शिक्षणाचा सहा महिन्यांचा क्रम आखला. तो अन्य फार्मसींनाही उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

पहिले सहा आठवडे : तराजू आणि काचभांडी

या काळात नवागताला एकही अहवाल लिहू देऊ नये. तीच मूस दहा वेळा तापवावी, दहा वेळा डेसिकेटरमध्ये निववावी व दहाही वजने वहीत उतरवावीत. मूस बोटांनी न धरता चिमट्याने धरावी. डेसिकेटरमधील सिलिका जेलचा रंग रोज पाहावा. निळे जेल गुलाबी झाले की ते ओलावा शोषण्याच्या कामाचे राहत नाही, भट्टीत तापवून पुन्हा वापरावे. तराजू खिडकीजवळ वा पंख्याखाली नसावा. आमच्या जुन्या जागेत तो खलबत्त्याच्या भिंतीला लागून होता व प्रत्येक घावासरशी शेवटचा अंक हालत असे. कोणी शोधून काढले? आय.टी.आय.च्या मुलाने, आल्यापासून चौथ्या दिवशी.

याच काळात ब्युरेट व पिपेट. द्रवाच्या वक्र पृष्ठाचा तळ डोळ्याच्या रेषेत आणून वाचावा. पिपेट तोंडाने ओढण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी व रबरी फुगा हातात द्यावा. आम्ल नेहमी पाण्यात, थोडे थोडे व ढवळत घालावे. पाणी आम्लात कधीही घालू नये. ही वाक्ये सर्वांनी शाळेत ऐकलेली असतात, तरीही भिंतीवर मराठीत लिहून लावावीत. आम्लाच्या वाफा व द्रावके यांचे काम हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच व्हावे. कपाट नसेल तर ते परीक्षण आपल्याकडे करू नये, बाहेर द्यावे.

नमुना घेणे

प्रयोगशाळेतील सगळी अचूकता नमुना चुकीचा असल्यास व्यर्थ जाते. व्यापाऱ्याचा माणूस वरच्या पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर मुळी पुढे करतो. ती नेहमी उत्तम असते. माती, वाळू व चुरा तळाशी बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधी-परीक्षण मार्गदर्शिकेनुसार पाच नग असल्यास प्रत्येकातून, सहा ते पन्नास असल्यास पाच नगांतून व पन्नासांहून अधिक असल्यास दहा टक्के नगांतून नमुना घ्यावा; प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरातून. एकत्र केलेला ढीग सपाट करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले दोन मिसळावेत, व हवे तेवढे उरेपर्यंत हेच करीत राहावे. तंत्रज्ञाने गोदामात स्वतः जाऊन, स्वतः पोती निवडून हे करावे. गोदामातील माणसाने पुडी आणून दिली व तंत्रज्ञाने ती तपासली, अशी प्रथा जेथे असेल तेथे अहवाल त्या पुडीचा असतो, मालाचा नव्हे.

दुसरा ते चौथा महिना : नित्याची परीक्षणे

वाळविल्याने होणारी वजनातील घट, एकूण राख, आम्ल-अविद्राव्य राख, जलविद्राव्य व मद्यार्क-विद्राव्य अंश ही पाच परीक्षणे नव्वद टक्के कामाची आहेत असे म्हणावयास हरकत नाही. त्यांतील प्रत्येकामागचा अर्थ तंत्रज्ञाला समजावून द्यावा, कारण अर्थ कळल्याशिवाय आकड्याची लाज वाटत नाही.

राखेचेच पाहा. वनस्पतीच्या शरीरात कॅल्शियम, पोटॅशियम आदींचे क्षार असतातच, म्हणून शुद्ध मुळीचीही काही राख उरते. फार्माकोपियाने ४५० अंश सेल्सियसची मर्यादा घातली आहे. भट्टी त्याहून तापविल्यास काही क्षार उडून जातात व राख कमी दिसते. उरलेली राख २५ मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटे उकळली की वनस्पतीचे क्षार बहुतांशी विरघळतात आणि वाळू, म्हणजे सिलिका, तेवढी राहते. ती राखरहित गाळणकागदावर गोळा करून, गरम पाण्याने धुऊन, पुन्हा जाळून तोलावयाची. एकूण राख आणि आम्ल-अविद्राव्य राख दोन्ही वाढल्या असतील तर मुळ्या नीट धुतल्या नव्हत्या असे समजावे. केवळ पहिली वाढली असेल तर खडूसारखी, आम्लात विरघळणारी भेसळ आहे काय, असा संशय घ्यावा. नवा मुलगा हमखास विचारतो, "सर, मग भस्म म्हणजे हीच राख का?" त्याला तेथेच थांबवून दोहोंतील भेद सांगावा. शोधन, मारण व पुटे यांतून सिद्ध झालेले भस्म आणि परीक्षणासाठी जाळलेल्या नमुन्याचा अवशेष या दोन गोष्टी एका शब्दाखाली येऊ नयेत, म्हणून आम्ही वहीत 'राख' हाच शब्द ठेवला आहे.

मद्यार्क-विद्राव्य अंशासाठी ५ ग्रॅम चूर्ण १०० मिलिलिटर मद्यार्कात २४ तास ठेवतात. पहिले सहा तास वारंवार हलवून व पुढील अठरा तास स्थिर. गाळलेल्या द्रवाचे २५ मिलिलिटर बाष्पीभूत करून अवशेष १०५ अंशांवर वाळवितात. हे २५ मिलिलिटर म्हणजे सव्वा ग्रॅम चूर्णाचा अंश, म्हणून अवशेषाचे वजन ८० ने गुणले की टक्केवारी मिळते. गुणक ८० असल्याने वजनातील चूकही टक्केवारीत ८० पटीने उतरते. 'सहा तास वारंवार हलवून' हे पाळले जात नाही, हा माझा ठाम समज आहे. सकाळी एकदा व जेवणानंतर एकदा हलविले की झाले, असे मानले जाते, आणि मग माल निकृष्ट नसतानाही आकडा खाली येतो.

या टप्प्याच्या शेवटी परीक्षा घ्यावी. ज्याची आम्ल-अविद्राव्य राख आधी ठरविलेली आहे असे १०० ग्रॅम स्वच्छ चूर्ण घ्यावे, त्यात आम्लाने धुऊन वाळविलेली बारीक वाळू नेमकी १ ग्रॅम मिसळावी आणि काहीही न सांगता नमुना तंत्रज्ञाकडे द्यावा. मूळ चूर्णाचा आकडा ०.४० असल्यास मिश्रणाचे उत्तर सुमारे १.३९ यावे. असे चार नमुने निरनिराळ्या प्रमाणात, त्यांत एक वाळू न घातलेलाही. खर्च जवळजवळ शून्य. या परीक्षेत उत्तर कोणाच्या वहीतून पाहता येत नाही, आणि मालकाला कोणता आकडा आवडेल याचा अंदाजही बांधता येत नाही.

पाचवा व सहावा महिना

पातळ थर वर्णलेखन, म्हणजे टी.एल.सी., सामू व आसवारिष्टांतील मद्यार्काचे प्रमाण ही पुढील पायरी. त्यांचा तपशील पाठ्यपुस्तकांत मिळतो, म्हणून येथे देत नाही.

भस्मपरीक्षा मात्र वैद्यानेच शिकवावी. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा विज्ञानाचा पदवीधर प्रथम कुतूहलाने व थोड्या अविश्वासाने पाहतो. त्याला कारणांसह सांगितले तर तो त्यांत गोडी घेतो. अभ्रकभस्मात चंद्रिका राहिल्या असतील तर अभ्रकाचे चमकदार पत्रे अद्याप मोडलेले नाहीत, हे त्याला सूक्ष्मदर्शकाखालीही दाखविता येते. मित्रपंचकासह तापविले असता धातू पुन्हा मूळ रूपात येत नाही ना, हे पाहणारी अपुनर्भव परीक्षा त्याच्या परिभाषेत क्षपणाची कसोटी आहे. असे जोडून दिले की तो आपल्या शास्त्राकडे नोकरीच्या पलीकडे पाहू लागतो.

जड धातूंच्या बाबतीत आपली मर्यादा तंत्रज्ञाने ओळखावी. 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन' या नियतकालिकात डिसेंबर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचे त्यात नमूद होते. पाठोपाठ केंद्र शासनाने निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंचे परीक्षण अनिवार्य केले : शिसे १०, अर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष. एवढे सूक्ष्म प्रमाण मोजण्यास अणुशोषण वर्णपटमापकासारखे उपकरण लागते. ते लहान फार्मसीच्या आवाक्याबाहेरचे आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा. परंतु नमुना कसा घेतला, कोणत्या बाटलीत भरला, कोणत्या बॅचचा होता, याची नोंद आपल्या तंत्रज्ञाचीच. अहवाल आल्यावर तो वाचता यावा, एवढे तरी त्याला शिकवावे.

नोंदवही व 'पुन्हा पाहा'

चिटोऱ्यांवर आकडे लिहून संध्याकाळी पक्क्या वहीत उतरविण्याची पद्धत पूर्णतः बंद करावी. पाने क्रमांकित असलेली एकच वही, शाईने, वजन पाहिल्या क्षणी. चूक झाल्यास एकच रेघ मारून जवळ अचूक आकडा, सही व तारीख. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे.

फेरपरीक्षणाचा नियम आम्ही असा केला आहे. आकडा प्रतिकूल आल्यास तंत्रज्ञाने वजने, मुशीचा क्रमांक, निववण्याची वेळ व आकडेमोड प्रथम तपासावी. दोष सापडला तर तो लिहून परीक्षण पुन्हा. दोष सापडला नाही तर दुसऱ्या व्यक्तीने, त्याच मूळ नमुन्याच्या दोन स्वतंत्र भागांवर परीक्षण करावयाचे आणि पहिल्या आकड्यासह तिन्ही आकडे अहवालात राहतील. मालकाने या काळात प्रयोगशाळेत जाऊ नये. हा शेवटचा नियम मी स्वतःसाठी घातला व तो पाळणे मला सर्वांत कठीण जाते. बॅच नाकारल्याबद्दल तंत्रज्ञाला जाब विचारला जाणार नाही, हे त्याच्या नेमणूकपत्रातच लिहिलेले आहे. रसरत्नसमुच्चयकारांची सत्यवचनाची अट पाळणे साहाय्यकाला शक्य व्हावे, एवढी व्यवस्था मालकाच्या हाती असते.

तो टिकत का नाही?

शिकवून तयार केलेला मुलगा दीड-दोन वर्षांत मोठ्या रासायनिक कारखान्यात जातो, ही आपल्यापैकी अनेकांची तक्रार आहे. वेतनात आपण त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. परंतु मुलाखतीत मी या मुलांना विचारतो तेव्हा वेतनाखालोखाल एकच उत्तर येते : आधीच्या फार्मसीत त्यांना सकाळी परीक्षण, दुपारी पॅकिंग आणि सायंकाळी बिले अशी कामे होती. शिकलेल्याची कोठे नोंदही नव्हती. आम्ही आता सहा महिन्यांनंतर प्रत्येकाला एक पत्रक देतो. कोणती परीक्षणे तो स्वतंत्रपणे करतो, गुप्त नमुन्यांत त्याची उत्तरे किती फरकाने आली, हे आकड्यांसह त्यात असते. पत्रक घेऊन तो दुसरीकडे गेला तरी जाताना नव्या मुलाला दोन महिने शिकवून जाईल, अशी अट आहे. आतापर्यंत तिघे गेले आणि तिघांनीही ती पाळली. सध्या तराजूपाशी आय.टी.आय.चा तो मुलगा आहे. नोकरी सांभाळून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पदवी हाती आली की अहवालावर सही त्याची असेल.